तक्त्यावरची टिंबं

मंगळवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाईंनी रोज वहीत लिहायला सांगितलं आहे. "रक्तदाब गोळीने उतरेल, पण तो चढतो कशाने ते तुम्हीच शोधा. राग आला की लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही." मी म्हटलं, मला राग येत नाही. त्यांनी यंत्रावरच्या आकड्याकडे बघितलं आणि आणखी एक गोळी लिहून दिली.

तर लिहितो. मी लिफ्ट दुरुस्त करतो, बावीस वर्षं झाली. स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. यावर शेजाऱ्यांचे सगळे विनोद करून झाले आहेत. कुणी कुठे अडकलं की मला कॉल येतो, आणि लोक बहुतेक संध्याकाळीच अडकतात, कारण तेव्हाच सगळ्यांना एकदम घरी जायची घाई असते. घरी ही आणि दोन मुली. मोठी चौदा वर्षांची, धाकटी नऊ.

आता राग कशाचा येतो? खरं सांगायचं तर फ्रिजवरच्या कागदाचा.

ही एका निवासी शाळेच्या ऑफिसात आहे. तिथला मुख्य स्वयंपाकी तीनशे मुलांच्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता आधीच करून ठेवतो. हिने तो जानेवारीत बघितला आणि तेव्हापासून आमच्या फ्रिजवर सात चौकोनांचा कागद लागला. शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. शनिवारी दुपारी ही टेबलाशी बसते, दोघी मुली दोन बाजूंना, आणि तिघी मिळून आठवडा भरतात. मीही घरातच असतो, पण मला कुणी बोलवत नाही.

पूर्वी रोज साडेसहाला ही फ्रिजचं दार उघडून उभी राहायची आणि विचारायची, "अहो, आज काय करू?" मी म्हणायचो, काहीही कर. मग जे होईल ते मला नको असायचं, मग थोडी बोलाचाली, मग धाकटी रडायची. आठ आठवडे झाले, हा प्रश्न कुणी विचारला नाही. घरात शांतता आहे म्हणतात. असेल. पण मला निदान विचारलं जायचं. आता तो कोण कुठला स्वयंपाकी ठरवतो माझ्या घरी काय शिजायचं ते.

मी त्याला तक्तेवाला म्हणतो. मुली म्हणतात "तक्तेवाले काका". न बघितलेल्या माणसाचे काका झाले.

गुरुवार, ५ मार्च

आज जेवताना धाकटी म्हणाली, "तक्तेवाले काका म्हणतात, वाटाणे आदल्या दिवशी भिजत घातले की अर्धं काम झोपेत होतं." मी म्हटलं, तुझे तक्तेवाले काका आणखी काय काय म्हणतात? तिने बोटांवर मोजून सहा गोष्टी सांगितल्या. मी काय म्हणतो असं विचारलं असतं, तर एक तरी आली असती का कुणास ठाऊक.

वाटाणे चांगले झाले होते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. मी अन्याय करणारा माणूस नाही.

तसा मी खाण्यापिण्यात साधा आहे. माझी एकच चैन. पाव मला तव्यावर भाजलेला लागतो, आणि एकेक करून. पहिला संपत आला की दुसरा ताटात पडला पाहिजे, थेट तव्यावरून. आधीच भाजून टोपलीत ठेवलेला पाव म्हणजे पुठ्ठा. आईने लहानपणी लावलेली सवय. ही तव्यापाशीच उभी असते, त्यामुळे तिलाही सोपं पडतं.

रविवार, ८ मार्च

आठवड्याचं सामान आणायला चौघं गेलो. पूर्वी दर दोन दिवसांनी कुणीतरी पिशवी घेऊन जिने उतरायचं, बहुतेक हीच, ऑफिसातून आल्यावर. आता यादी घेऊन एकदाच. मोठी वाचते, धाकटी खूण करते, पाऊण तासात बाहेर. हिच्या हातात फक्त यादी. एवढी मोकळी चालताना मी तिला लग्नाआधी बघितलं होतं.

माझ्या अंगाची लाही झाली. कशाने ते सांगता येत नाही. मी जाऊन यादीत नसलेला एक भला मोठा भोपळा उचलून आणला. म्हटलं, बसव आता हा तुझ्या चौकोनात. पूर्वी असं काही केलं असतं तर भांडण ठरलेलं. हिने भोपळा हातात तोलला, क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "बरं झालं. बुधवारी सूप, उरला की शुक्रवारी भाजी. शुक्रवारची कोबी पुढच्या आठवड्यात ढकलते."

माझा भोपळाही त्याच्या तक्त्यात गेला.

मंगळवार, १० मार्च

आज एक गोष्ट दिसली. तक्त्यावर कालच्या चौकोनात, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीचं एक टिंब. शनिवारी ते नव्हतं. मी हिला विचारलं, "हे टिंब कसलं गं?"

"कुठलं?"

"हे."

"ते होय. काही नाही. माझं आपलं."

आणि चक्क लाजली. माझं आपलं! पंधरा वर्षांच्या संसारात हिचं आपलं असं काही मी ऐकलं नव्हतं.

मोठीला गाठलं. ती म्हणाली, "बाबा, ते आईचं आहे. ते तक्तेवाल्या काकांनी शिकवलंय." आणि गेली अभ्यासाला.

काल मी घरी नव्हतो. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये दोन पाहुणे आणि एक चाकाची खुर्ची अडकली होती.

शनिवार, १४ मार्च

ही मुलींना घेऊन केस कापायला गेली तेव्हा मी तक्त्यांचा खण उघडला. नको होतं उघडायला. पण उघडला.

हिने सगळे जुने तक्ते जपून ठेवले आहेत, टाचणी लावून. मी ते टेबलावर पसरले आणि शेजारी माझी कॉलची वही ठेवली. कुठल्या तारखेला, कुठे, किती वाजता गेलो आणि किती वाजता परतलो, हे मी बावीस वर्षं लिहितो आहे. खोट शोधायची तर नोंदी शेजारी शेजारी ठेवायच्या, हे मला येतं.

सतरा टिंबं. त्यांतली सोळा ज्या दिवशी पडली, त्या सोळाही दिवशी मी संध्याकाळी कॉलवर होतो. एकही चुकलेलं नाही. मी घरी असलो की टिंब नाही, मी गेलो की टिंब. सतरावं फेब्रुवारीत, मला ताप होता तेव्हाचं. सहालाच गोळी घेऊन झोपलो होतो. म्हणजे त्याही दिवशी रान मोकळंच.

कुठेतरी पाणी मुरतंय. मी नाही तेव्हा कुणी येतं? की फोन येतो? तिघी मिळून त्याच्याशी फोनवर बोलतात, हसतात, आणि मग ही पेन्सिल उचलते? मुलींसमोर काही वेडंवाकडं होणार नाही एवढी खात्री आहे. पण वेडंवाकडं नसलेलं काहीतरी चांगलं चाललं असेल, तर ते मला जास्त झोंबतं.

तक्ते टाचणीसकट जागेवर ठेवले. ही आल्यावर केस छान कापलेत असं म्हणायचं राहून गेलं.

सोमवार, १६ मार्च

आज कॉल नाही. टिंब नाही. पाव नेहमीप्रमाणे गरम. मी ताटावरून मान वर करून हिच्या पाठीकडे बघत होतो. तव्याकडे तोंड करून उभी होती आणि गुणगुणत होती. कुणासाठी?

बुधवार, १८ मार्च

जे केलं ते लिहितो. लाज वाटली तरी.

सव्वासातला फोन कानाला लावून म्हणालो, "हो, निघतो." ही म्हणाली, "आता? जेवून तरी जा." मी म्हटलं, बँकेची लिफ्ट आहे, माणसं अडकली आहेत. हिने बटाटे डब्यात भरून दिले. ती डबा देताना डोळ्यांत बघते, मला ते जमलं नाही.

समोरच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच देखरेखीखाली आहे. किल्ल्या असतात. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर खिडकी आहे आणि तिथून आमचं जेवणाचं टेबल सरळ समोर दिसतं. मी टूलबॉक्सवर बसलो. एक बाई कचरा टाकायला आली, म्हणाली, "बिघडली का हो पुन्हा?" मी म्हटलं, बघतोय.

कुणी आलं नाही.

धाकटीने चार ताटं काढली, मग एक परत ठेवलं. मोठीने सूपचं पातेलं टेबलाच्या मधोमध आणून ठेवलं. पाव टोपलीत होता. मग ही येऊन खुर्चीत बसली. माझ्या नाही, खिडकीकडच्या. तिघी जेवायला लागल्या. धाकटीने काहीतरी सांगितलं आणि ही हसली, चमचा हातात तसाच धरून, डोळे मिटून. सूपची वाफ हिच्या तोंडावर येत होती. मी अर्धा तास बघत होतो. ही एकदाही उठली नाही. का कुणास ठाऊक, पहिली दोन मिनिटं मला ओळखूच येईना. वाटलं, कुणी पाहुणी आली आहे.

तिथेच बटाटे खाल्ले. गार झाले होते.

माझा तिळपापड झाला. निदान तो आला असता, तर जिने उतरून गेलो असतो आणि विचारलं असतं. आता कुणाला काय विचारू? माझ्याशिवाय तिघींना हसायला एवढं झालं तरी काय?

घरी आलो तर टिंब पडलेलं. कुणी आलं नाही, फोन झाला नाही, तरी टिंब.

गुरुवार, १९ मार्च

ही म्हणाली, "बँकेतली माणसं सुटली ना वेळेवर?" मी म्हटलं, हो. दिवसभर ते खोटं तोंडात घोळत राहिलं.

मंगळवार, २४ मार्च

सकाळी कंपनीतून फोन. निवासी शाळा, जेवण वर न्यायची छोटी लिफ्ट बंद.

मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि वरून कामाचा डगला चढवला. डगल्याखाली शर्ट दिसत नाही, हे माहीत असून.

स्वयंपाकघर तळघरात, जेवणाची खोली वर. मधे कपाटाएवढी लिफ्ट, माणसासाठी नाही, पातेल्यांसाठी. हिचं ऑफिस पटांगणापलीकडे दुसऱ्या इमारतीत, त्यामुळे गाठ पडणार नव्हती. तक्तेवाला म्हातारा, ढेरपोट्या असेल अशी माझी आशा होती. तसलं काही नाही. उंच, ताठ, पांढरे केस मागे वळवलेले, आणि हातावर भाजल्याचे जुने डाग. देखणा माणूस. मला बघताक्षणीच आवडला नाही.

त्याची माणसं पातेली जिन्याने वर नेत होती. तो स्वतःही नेत होता. मी दार सोडवलं. खाचेत एक चमचा आडवा बसला होता. बारा मिनिटांचं काम. मला चाळीस लागली, कारण चुलीशेजारच्या भिंतीवर त्याचा तक्ता होता. सात चौकोन. आणि कोपऱ्यात टिंबं.

शेवटी विचारलं, "हे टिंब कसलं?"

"ते आमचं," तो म्हणाला, हात पुसत. "आम्ही इथे अकरा जण. तीनशे मुलांना वाढायच्या आधी आम्ही साडेअकराला जेवतो. अकराही जण, बसून, गरम. ज्या दिवशी तसं झालं, त्या दिवशी टिंब. एक जरी उभा राहिला तर नाही."

"त्यासाठी तक्ता?"

"तक्ता त्याच्याचसाठी हो. मुलांना काय, कसंही केलं तरी जेवण मिळतंच. आधी ठरलेलं असलं की शेवटची धावपळ होत नाही, आणि धावपळ नसली की रांधणाऱ्याला बसता येतं. नाहीतर आम्ही सगळे उभ्याने गार खाऊन म्हातारे होतो. आज तुमच्या लिफ्टने टिंब घालवलं बघा."

मी पाना उचलला, पुन्हा ठेवला. "दुसऱ्या कुणाला शिकवलंत का हे?"

"ऑफिसातल्या बाई घेऊन गेल्या. फार हुशार बाई. तक्ता माझ्यापेक्षा चांगला करतात. टिंबंही घालतात म्हणाल्या. मी विचारलं, किती पडतात? म्हणाल्या, आठवड्याला एखाद-दुसरं. म्हटलं, बाई, मी अकरा जणांना घेऊन पाच पाडतो आणि तुमच्या घरी चौघांत एखाद-दुसरं? नुसत्या हसल्या."

कॉलची वही खिशात होती, पण ती काढायची गरजच नव्हती. सोळा कॉल, एक ताप. आणि त्यानंतर एक खोटा कॉल.

निघताना त्याने हाताला धरून बाकावर बसवलं. "काम केलंत, जेवून जा. आणि बसून. इथे उभ्याने कुणी खायचं नाही." पुढ्यात सूप आलं आणि पावाची टोपली, जाड फडक्यात गुंडाळलेली. मी विचारलं, पाव कधी भाजला? म्हणाला, "पंधरा मिनिटं झाली. सगळा एकदम भाजायचा आणि गुंडाळायचा. राहतो की गरम."

गरम होता. चार खाल्ले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, राग आला की लिहा. आज कुणाच्या नावावर लिहू?

बुधवार, २५ मार्च

हिने विचारलं, "काल आमच्या शाळेत आला होतात? मला सांगितलं नाही ते?" मी म्हटलं, घाईत होतो. "आमचे स्वयंपाकी म्हणत होते, लिफ्टवाले फार कमी बोलतात, पण मनापासून जेवले." मग तव्याकडे वळली. मी आज दोनच पाव खाल्ले. "बरं नाही का?" म्हणून कपाळाला हात लावून बघितलं.

रविवार, २९ मार्च

आज जाहीर केलं, पाव मी भाजणार. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ही काळजीत पडली.

सगळं चुकलं. तवा जास्त तापला. पहिले सहा काळे. धूर झाला म्हणून ही खिडकी उघडायला उठली. मग फडकं कुठे आहे ते मला सापडेना म्हणून उठली. मग माझा अंगठा भाजला म्हणून मलम आणायला उठली. मी ओरडलो, "तू बस गं! उठू नकोस!" धाकटी दचकली. ही म्हणाली, "अहो, तुम्हीच बसा. मी करते. कशाला उगीच?" आणि मी बसलो. इतक्या वर्षांची सवय बाजूला ढकलणं सोपं नसतं, आणि अंगठा खरंच दुखत होता.

जेवणानंतर तक्त्याकडे बघायला गेलो. रविवारचा चौकोन कोराच होता. पेन्सिल दोरीला लोंबत होती. मला काहीच अवघड नव्हतं, एक टिंब तर काढायचं. पेन्सिल हातात घेतलीही होती. पण त्या तक्तेवाल्याने एकदाही लबाडी केली नसेल असं वाटलं, आणि ठेवून दिली.

त्याच्याबद्दलचं पोटातलं दुखणं अजून गेलेलं नाही, हेही लिहून ठेवतो. हिला काय हवं होतं ते त्याला दोन महिन्यांत कळलं. मला पंधरा वर्षं ही समोरच होती. समोर म्हणजे पाठमोरी.

गुरुवार, २ एप्रिल

गेल्या शनिवारी तक्ता भरताना मी जाऊन चौथ्या खुर्चीत बसलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उठवलंही नाही. गुरुवारी सूप आणि पाव टाकायला सांगितलं. हिने भुवई उंचावली आणि लिहिलं.

आज सहालाच घरी. सूप मोठीने सकाळीच चिरून ठेवलेल्या भाज्यांचं केलं. मी मंद आचेवर वीस पाव एकामागून एक भाजले, एकही काळा नाही, आणि जाड फडक्यात गुंडाळले. पाणी, मीठ, चमचे, लिंबू, सगळं आधी टेबलावर. लिफ्ट चालू करण्यापूर्वी जसं एकेक तपासतो तसं दोनदा तपासलं. तवा घासून उपडा घातला, म्हणजे कुणाला त्याच्यापाशी जायचं कारण उरू नये.

ही ऑफिसातून आली, हात धुतले आणि सवयीने चुलीकडे गेली. तिथे काहीच नव्हतं. थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग वळून म्हणाली, "मी काय करू?"

धाकटी म्हणाली, "आई, तू बस."

बसली. खिडकीकडच्या खुर्चीत. मी तिच्यासमोर. समोरच्या इमारतीची जिन्याची खिडकी बाजूला काचेतून दिसत होती. तिथे कुणी नव्हतं.

पहिला पाव गरम होता. दुसराही. तिसरा कोमट निघाला आणि चौथा गार. सवयीने मान वर झाली, तोंड उघडलं. ही चमचा अर्ध्यावर थांबवून माझ्याकडे बघत होती आणि हिचा एक हात खुर्चीच्या पाठीवर गेला होता, उठण्यासाठी.

मी म्हटलं, "मीठ बरोबर आहे."

हात खाली आला. गार पाव सूपमध्ये बुडवून खाल्ला. धाकटी शाळेतलं काहीतरी सांगत होती, त्यात एक मास्तर आणि हरवलेला बूट होता, आणि ही हसली. डोळे मिटून, चमचा हातात तसाच. काचेतून दिसत होतं तेव्हा आवाज ऐकू येत नव्हता. हिला हसताना मधेच श्वास अडकतो, हे मी विसरून गेलो होतो.

जेवण झाल्यावर मी कॉलची वही उघडून बसलो, उगीच. मागे वळून बघायचं धाडस होत नव्हतं. मागे दोरी फ्रिजला घासल्याचा आवाज आला.

वहीत लिहिलं: २ एप्रिल, गुरुवार. कॉल नाही. संध्याकाळी घरीच.

मग उठून तक्ता बघितला. टिंब आहे.